लाल टोपी, तेरा नंबर

अर्ज कन्नडात, प्रमाणपत्रं इंग्रजीत,
आणि लुमाण्णामामा बोलतो ते आमच्या कंग्राळीचं मराठी,
पुण्याचे पाहुणे जे पुन्हा एकदा बोलायला लावतात.
मधे मी, बॉलपेन घेऊन.
माजी खेळाडूंचं मानधन. रकाना नऊ:
आंतरराष्ट्रीय कामगिरी.

"लिव," म्हणतो, "हरलाव."
मामा, असं नसतं लिहायचं.
कुणाशी, कुठं, किती-किती.
"ते रे, घोडीचं दूध पितात ते. बावीस-एक.
मग ते बुटके, माशासारखे. अठरा-तीन.
मग एक देश हुता, नाव आता तोंडात ईना,
त्यांचा कप्तान मात्र आठवतो,
माझा पाय धरून खाली वढलान
आणि वर आल्यावर हसलान, सोयऱ्यासारखा."

मी लिहितो: सहभाग.

दोन पुरुष पाणी. तळ नाही,
असला तरी टेकायचा नाही.
पाय कसे फिरवायचे ते तो खुर्चीवर बसून दाखवतो:
दोन रव्या, एकाच डेऱ्यात,
एक इकडून घुसळते, एक तिकडून,
आणि वर लोणी म्हणजे तू.
पाटलांच्या विहिरीत कमरेला भोपळा बांधून शिकला.
भोपळा फुटला त्या दिवशी पोहायला आलं.
कॅम्पात भरतीला गेला,
छाती फुगवा म्हणाले, फुगवली.
ती अजून खाली केलेली नाही.

लाल टोपी म्हणजे गोलकीपर.
एक नंबर खेळतो.
तेरा नंबर टॉवेल पांघरून बाकावर बसतो.
पाच सामने मामा बसला.
सहाव्यात, चौदा-दोन झाल्यावर,
एक नंबरच्या मांडीत गोळा आला
आणि कोचनं याच्याकडं न बघताच हात केला.

आठ मिनिटं.

"चार गेले. चार लिव. खोटं नको."
आणि अडवले किती?
"सात."
मी रकाने शोधतो. पदक. क्रमांक. विक्रम. वर्ष.
पान उलटतो. बँकेचं नाव, खाते क्रमांक.
अडवलेल्याला जागा नाही.
"एक ह्या कानानं अडवला," मामा डावा कान धरतो,
"म्हणून तर तू त्या अंगाला बसलास
की मी नुसती मान हलवतो."
तीस वर्षं मला वाटत होतं
त्याला माझं म्हणणं पटतं.

क्रीडा कार्यालयात क्लार्क चष्म्यावरून बघतो.
"याव राज्यक्के आडिद्री?"
"मिलिटरीगे," मामा म्हणतो, सावधान उभा राहून.
क्लार्क यादीत वरून खाली बोट फिरवतो,
खालून वर फिरवतो.
मग मराठीतच विचारतो,
"व्हॉलीबॉलसारखंच काय ते?
पाण्यातलं?"
"व्हय," मामा म्हणतो. "तसंच."
शिक्का बसतो. पोच मिळते.

परतताना मार्कंडेयाच्या बंधाऱ्यावर
गाडी थांबवायला लावतो.
शर्ट घडी करून सीटवर ठेवतो, घड्याळ माझ्या हातात देतो,
आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस
मधल्या खोल पाण्यात जाऊन
दोन्ही हात वर काढतो, कोपरापर्यंत,
मग खांदे, मग ती छाती.
हलत नाही. बुडत नाही.
कुणीतरी त्याला खालून धरलंय जसं.
घड्याळात मी बघतो. मिनिट. दीड मिनिट.

पलीकडं म्हशी धुणारं पोरगं बघत राहतं,
मग खिशातला कच्चा पेरू काढून
फेकतं जोरात, डाव्या अंगानं.

मामाचा हात गेला. थोडा उशिरा गेला.
पेरू कानाजवळून पाण्यात, डुबुक,
आणि वर येऊन हळूहळू बंधाऱ्याकडं वाहू लागला.

"पाच," तो तिथनंच ओरडला. "पाच कर रे."

अर्ज तर दुपारीच देऊन झाला होता.